शंभरात चारशे टक्के कसे? टॉपच्या पडद्याविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न लिनक्सवरच्या टॉप, पीएस आणि एचटॉप या साधनांविषयीचे आहेत. मशीनवर कोणत्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, किती सीपीयू आणि मेमरी वापरतात ते ही साधनं दाखवतात. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे 'कॅपिटल' असं स्पष्ट लिहिलं आहे, कारण टॉपमध्ये लहान एम आणि कॅपिटल एम या दोन वेगळ्या कळा आहेत. लहान एमने वरच्या मेमरीच्या ओळींचं रूप बदलतं, तर कॅपिटल एमने प्रोसेसची यादी मेमरीच्या क्रमाने लागते.

प्रश्न : माझ्या मशीनला आठ कोअर आहेत. टॉपमध्ये एका प्रोसेससमोर सीपीयूच्या रकान्यात ३९८ टक्के दिसतात. टक्केवारी शंभराच्या वर कशी जाते? आकडा चुकला आहे का?

उत्तर : आकडा बरोबर आहे. लिनक्सवरचा टॉप एका कोअरला शंभर टक्के धरतो, त्यामुळे आठ कोअरच्या मशीनची कमाल ८०० होते. ३९८ म्हणजे ती प्रोसेस जवळपास चार कोअर पूर्ण वापरते आहे. या मोजणीला टॉपमध्ये आयरिक्स पद्धत असं नाव आहे. कॅपिटल आय दाबलं की सोलारिस पद्धत लागू होते. मग तोच आकडा कोअरच्या संख्येने भागला जातो आणि ३९८ च्या जागी सुमारे ४९.८ दिसतं. तीच कळ पुन्हा दाबली की पहिली पद्धत परत येते.

आमचा सल्ला पहिलीच पद्धत ठेवण्याचा आहे. एकच थ्रेड (प्रोग्रॅमच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) असलेला प्रोग्रॅम न संपणाऱ्या लूपमध्ये अडकला, तर सोलारिस पद्धतीत त्याच्यासमोर फक्त १२.५ दिसतं आणि नजर त्यावरून घसरते. आयरिक्स पद्धतीत तिथे शंभराच्या आसपास आकडा दिसतो आणि मिनिटामागून मिनिटं तो हलत नाही. असा स्थिर शंभर दिसला की तो थ्रेड एक तर अडकला आहे किंवा मोठ्या हिशेबात गुंतला आहे, असं समजून शोध सुरू करता येतो. नेमका कोणता थ्रेड ते पाहायला कॅपिटल एच दाबा, म्हणजे प्रोसेसऐवजी थ्रेडची यादी येते. आकडा १ दाबला की वर प्रत्येक सीपीयूची वेगळी ओळ उघडते. या ओळी लॉजिकल, म्हणजे लिनक्सला दिसणाऱ्या, सीपीयूंच्या असतात. हायपरथ्रेडिंग (एक कोअर दोन असल्यासारखा वापरण्याची सोय) चालू असेल तर एका खऱ्या कोअरच्या दोन ओळी दिसतात, म्हणून 'आठपैकी चार भरले' याचा अर्थ निम्मी ताकद शिल्लक आहे असा सरळ लावू नका.

प्रश्न : एकाच प्रोसेससाठी पीएस ३ टक्के सीपीयू सांगतो आणि त्याच क्षणी टॉप ९० सांगतो. खरं कोणाचं धरायचं?

उत्तर : दोघांचंही, कारण ते वेगवेगळ्या काळाचा हिशेब देतात. पीएसमधली टक्केवारी म्हणजे प्रोसेसने जन्मापासून वापरलेला सीपीयूचा वेळ भागिले तिचं एकूण वय. दहा तासांपूर्वी सुरू झालेल्या प्रोसेसने आतापर्यंत १८ मिनिटं सीपीयू वापरला असेल, तर ६०० मिनिटांत १८, म्हणजे ३ टक्के. ती गेली पाच मिनिटं जोरात धावत असली तरी हा आकडा फारसा हलत नाही. टॉप मात्र पडद्यावरचे आकडे मागच्या वेळी बदलले तेव्हापासून आता बदलेपर्यंतचा फरक मोजतो. हे अंतर बहुतेक ठिकाणी मुळात ३ सेकंदांचं असतं आणि लहान डी दाबून बदलता येतं.

म्हणून 'आत्ता मशीन कोण खातंय' याचं उत्तर टॉपकडे मागा. 'दिवसभरात कोणी किती खाल्लं' यासाठी पीएसचा टाइम हा रकाना पाहा. एकाच प्रोसेसवर नजर ठेवायची असेल तर सिसस्टॅट या पॅकेजमधला पिडस्टॅट सोयीचा पडतो :

पिडस्टॅट -पी ४३२१ १

इथे ४३२१ हा प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे पीआयडी, आणि शेवटचा १ म्हणजे दर सेकंदाला एक नोंद.

याच कारणाने टॉपच्या पहिल्या पडद्यावर निष्कर्ष काढू नका. आधीचं मोजमाप हाताशी नसल्याने पहिल्या फेरीतल्या टक्केवारीवर भरवसा ठेवता येत नाही. स्क्रिप्टमध्ये टॉप वापरताना निदान दोन फेऱ्या घ्या आणि दुसरी वाचा. मेमरी, स्वॅप आणि सीपीयूचे आकडे ओळीओळीने देणाऱ्या व्हीएमस्टॅट या कमांडच्या पहिल्या ओळीचंही असंच आहे : ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, चालू स्थिती दुसऱ्या ओळीपासून कळते.

प्रश्न : चार कोअरच्या सर्व्हरवर लोड ॲव्हरेज १४ च्या पुढे गेला आहे, पण टॉपमध्ये सीपीयू ८५ टक्के रिकामा दिसतो. काही फोल्डरमध्ये साधी एलएस कमांडही अडकते. सीपीयू रिकामा असताना लोड कसला?

उत्तर : लोड म्हणजे चालू किंवा थांबून राहिलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या. लिनक्सचा लोड फक्त सीपीयूचा नसतो, आणि तुमच्या कोड्याचं मूळ तिथेच आहे. त्यात दोन प्रकारच्या प्रोसेस मोजल्या जातात : सीपीयूवर चालणाऱ्या किंवा त्यासाठी रांगेत असलेल्या, म्हणजे आर स्थितीतल्या, आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत अशा कामासाठी थांबलेल्या की मध्येच उठवता येत नाहीत, म्हणजे डी स्थितीतल्या. दुसऱ्या प्रकाराची भर लिनक्समध्ये १९९३ मध्ये पडली. डिस्ककडून किंवा नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरकडून उत्तर येत नसेल तर प्रोसेस डीमध्ये साचत जातात, सीपीयू मोकळा राहतो आणि लोड चढतो. तुमची एलएस अडकते यावरून हीच शक्यता सगळ्यात दाट वाटते.

पुढची कमांड पाच-सहा वेळा, दर वेळी सेकंदभर थांबून चालवा :

पीएस -ईओ स्टेट,पीआयडी,पीपीआयडी,डब्ल्यूचॅन,कॉम

पहिल्या रकान्यात कॅपिटल डी असलेल्या ओळी वेगळ्या काढा. दर वेळी नवा पीआयडी दिसत असेल तर ती डिस्कची नेहमीची ये-जा आहे, त्यात काळजीचं काही नाही. तेच पीआयडी प्रत्येक वेळी डीमध्ये सापडले तर अडकलेल्या प्रोसेस त्याच. डब्ल्यूचॅन या रकान्यात प्रोसेस कर्नलमधल्या कोणत्या कामापाशी थांबली आहे त्याचं नाव येतं. नावाच्या सुरुवातीला एनएफएस किंवा आरपीसी (नेटवर्कवरून फाइल वापरण्याच्या यंत्रणा) असेल तर नेटवर्कवरचं फोल्डर तपासा. एक्स्टफोर, जेबीडी२ किंवा एक्सएफएस अशी नावं दिसली तर मशीनमधल्याच डिस्कची फाइल सिस्टीम पाहा. रकान्यात नुसती रेघ आली तर सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लावून प्रॉक या डिरेक्टरीतल्या त्या पीआयडीच्या फोल्डरमधली स्टॅक नावाची फाइल वाचा. तिथे थांबण्याची पूर्ण साखळी मिळते.

या वेळी डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी डीएफ कमांड चालवायचा मोह टाळा. ती प्रत्येक जोडलेल्या फोल्डरला हात लावते, मेलेल्या नेटवर्क फोल्डरपाशी पोचली की स्वतःच डीमध्ये जाते आणि तुमचं टर्मिनल हातचं जातं. काय काय जोडलेलं आहे हे पाहायला प्रॉकमधली माउंट्स ही फाइल कॅटने वाचा. ती वाचताना पलीकडच्या सर्व्हरला विचारावं लागत नाही. सोबत डीमेसेज या कमांडने मिळणारा कर्नलच्या संदेशांचा उतारा पाहा. एखादी प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त काळ डीमध्ये राहिली तर बहुतेक वितरणांत कर्नल तशी नोंद करतो. खराब होत चाललेल्या डिस्कच्या इनपुट-आउटपुटच्या चुकाही तिथेच सापडतात.

टॉपच्या सीपीयू ओळीतला डब्ल्यूए हा आकडा इथे अनेकांना चकवतो. तो म्हणजे सीपीयू रिकामा असतानाचा, पण कुठलंतरी इनपुट-आउटपुट बाकी असण्याचा वेळ. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तोच सीपीयू हिशेबात गुंतवला की डिस्क तितकीच संथ असूनही डब्ल्यूए खाली येतो. म्हणून डब्ल्यूए मोठा असेल तर डिस्ककडे बघाच, पण तो छोटा आहे म्हणून डिस्क निर्दोष ठरत नाही.

लोडचे तीन आकडे १, ५ आणि १५ मिनिटांचे, ही ओळख बहुतेकांना असते. ती सरळ सरासरी नव्हे. जुन्या नोंदींचं वजन हळूहळू घटवत काढलेला तो आकडा आहे. म्हणून कारण दूर झाल्यावरही तिसरा आकडा बराच वेळ चढलेला राहतो. पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर ताण वाढतो आहे, लहान असेल तर ओसरतो आहे, एवढं त्यावरून खात्रीने कळतं.

प्रश्न : १६ जीबी रॅम आहे. टॉपमध्ये फ्री फक्त ३०० एमबी दिसते, एका प्रोग्रॅमसमोर व्हर्टच्या रकान्यात ३० जीबी आहे आणि रेस या रकान्याची बेरीज केली तर १६ च्या वर जाते. रॅम वाढवावी का?

उत्तर : या तीनपैकी एकाही आकड्यावरून ते ठरत नाही.

फ्री म्हणजे कशालाच न लावलेली मेमरी. कर्नल ती मुद्दाम कमी ठेवतो आणि उरलेल्या जागेत नुकत्याच वाचलेल्या फाइल साठवतो. गरज पडली की यातली बरीचशी जागा लगेच सोडता येते. वाचायचा आकडा टॉपमध्ये स्वॅपच्या ओळीच्या उजव्या टोकाला असतो : अव्हेल मेम. (स्वॅप म्हणजे रॅममधली पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक तुकडे, डिस्कवर हलवून ठेवण्याची जागा.) स्वॅप न करता नव्या प्रोग्रॅमना साधारण किती देता येईल याचा तो कर्नलने केलेला अंदाज असतो.

व्हर्ट म्हणजे प्रोग्रॅमने आखून ठेवलेला पत्त्यांचा पल्ला. तो सगळा रॅममध्ये उतरलेला असतोच असं नाही. रॅममध्ये खरोखर असलेला भाग रेसमध्ये दिसतो, पण त्यातली सामायिक, म्हणजे अनेक प्रोसेस मिळून वापरतात ती, पानं प्रत्येक प्रोसेसच्या खात्यावर पुन्हा पुन्हा मोजली जातात. एका डेटाबेसच्या वीस प्रोसेस २ जीबीचा सामायिक भाग वापरत असतील, तर बेरजेत तो ४० जीबीपर्यंत फुगू शकतो. सामायिक पानं वाटून धरणारा आकडा हवा असेल तर प्रॉकमधल्या पीआयडीच्या फोल्डरमध्ये एसमॅप्स-रोलअप ही फाइल वाचा (नावात रेघेऐवजी अंडरस्कोअर आहे) आणि पीएसएस ही ओळ घ्या. हे आकडे खरोखर बेरजेला चालतात.

तंगी आहे का हे व्हीएमस्टॅट १ चालवून मिनिटभर पाहा. एसआय (स्वॅपमधून आत येणारी पानं) आणि एसओ (स्वॅपमध्ये बाहेर जाणारी पानं) हे रकाने सतत शून्याच्या वर राहिले आणि अव्हेल मेमही तळाला असेल तर रॅम खरंच कमी पडते आहे. स्वॅपमध्ये एखादा जीबी जाऊन पडला आहे, पण हे दोन्ही रकाने शून्यावर आहेत, तर कुणीही न वापरलेली पानं बाजूला ठेवली गेली आहेत, इतकंच. एक खबरदारी घ्या : व्हीएमस्टॅटमधला एसआय म्हणजे स्वॅपमधून आत येणारी पानं, आणि टॉपच्या सीपीयू ओळीतला एसआय म्हणजे सॉफ्टवेअर इंटरप्टमध्ये (कर्नलने मधेच उरकलेल्या तातडीच्या कामांत) गेलेला वेळ. अक्षरं तीच असली तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

प्रश्न : टॉपच्या वरच्या ओळीत ३ झोंबी दिसतात. किल -९ दिलं तरी जात नाहीत.

उत्तर : झोंबी प्रोसेस आधीच संपलेली असते, त्यामुळे किलने पाठवलेला सिग्नल, म्हणजे इशारा, घ्यायला तिथे कुणी नसतं. तिने मेमरी आणि फाइल सोडलेल्या असतात. उरलेली असते ती प्रोसेसच्या तक्त्यातली एक नोंद, कारण तिच्या जन्मदात्या प्रोसेसने, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसने, तिचा निकाल अजून वाचलेला नाही. म्हणून शोध जन्मदात्याचा घ्या :

पीएस -ईओ स्टेट,पीआयडी,पीपीआयडी,कॉम

ज्या ओळीत कॅपिटल झेड आहे तिथला पीपीआयडी, म्हणजे जन्मदात्याचा क्रमांक, पाहा. तो ज्या सेवेचा आहे ती रीतसर रीस्टार्ट केली की झोंबी पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसकडे दत्तक जातात आणि ती त्यांचा निकाल वाचून नोंद पुसते. तीन झोंबींसाठी चालती सेवा बंद करू नका. तासागणिक संख्या वाढत असेल तर मात्र त्या प्रोग्रॅममध्येच दोष आहे. पीआयडींची संख्या मर्यादित असते. ती संपली की नवी प्रोसेस जन्मालाच येत नाही.

प्रश्न : हट्टी प्रोसेस बंद करायला मी थेट किल -९ वापरतो. सहकारी नको म्हणतात. फरक काय पडतो?

उत्तर : तुमच्या सहकाऱ्यांचं ऐका. क्रमांक न देता किल चालवलं तर १५ क्रमांकाचा टर्म सिग्नल जातो. तो प्रोग्रॅमला मिळतो आणि त्याला अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण करायला, लॉक (फाइल वापरात असल्याची खूण) काढायला, आपण सुरू केलेल्या इतर प्रोसेसना थांबवायला वेळ मिळतो. ९ क्रमांक प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही, कर्नल त्याला जागच्या जागी संपवतो. मागे शिळ्या लॉक फाइल राहतात, तात्पुरत्या फाइल राहतात, आणि डेटाबेस असेल तर पुढच्या वेळी सुरू होताना त्याला दुरुस्तीची फेरी करावी लागते.

क्रम असा ठेवा. आधी साधं किल. मग दहा ते तीस सेकंद थांबा. मोठा डेटाबेस असेल तर काही मिनिटंही द्या, तो डिस्कवर लिहीत असू शकतो. तरी हलली नाही तर पीएसमध्ये तिची स्थिती पाहा. टी असेल तर ती थांबवून ठेवलेली आहे, तिला किल -कॉन्ट देऊन चालू करा म्हणजे अडून बसलेला टर्म तिला मिळेल. डी असेल तर ९ नेही बहुधा काही होणार नाही, आधी वर सांगितल्याप्रमाणे अडकण्याचं कारण काढा. एस (साधी वाट पाहत थांबलेली) किंवा आर असूनही दाद देत नसेल तेव्हा ९ वापरा.

मारलेली प्रोसेस नव्या पीआयडीने लगेच परत येत असेल तर तिच्यावर सिस्टमडीसारखा (सेवा सुरू करून चालू ठेवणारा) राखणदार आहे. अशा वेळी सिस्टमसीटीएल स्टॉप आणि पुढे सेवेचं नाव, हाच योग्य रस्ता.

नावावरून प्रोसेस शोधून मारणारी पीकिल -एफ ही कमांड वापरताना सगळ्यात जास्त जपा. एफमुळे पूर्ण कमांडची ओळ तपासली जाते, आणि तुम्ही दिलेला शब्द दुसऱ्याच कुणाच्या फाइलच्या नावात असला तर तीही प्रोसेस जाते. आधी नुसती यादी देणारी पीग्रेप -एएफ ही कमांड तोच शब्द देऊन चालवा, यादी डोळ्यांखालून घाला, मगच पीकिल. एफ न लावता शोधताना उलटी अडचण येते : कर्नल प्रोसेसचं नाव पहिल्या १५ अक्षरांपर्यंतच ठेवतो, त्यामुळे लांब नाव पूर्ण टाइप केलं तर काहीच सापडत नाही.

टॉपमधून लहान के दाबून किल करत असाल तर पीआयडी स्वतः टाइप करा. नुसतं एंटर दाबलं तर त्या क्षणी यादीत सगळ्यात वर असलेली प्रोसेस निवडली जाते, आणि यादी तर दर तीन सेकंदांनी बदलत असते.

प्रश्न : एचटॉपमध्ये एकच प्रोग्रॅम वीस वेळा दिसतो आणि प्रत्येक ओळीत मेमरीचा आकडा तोच. वीस प्रती चालू आहेत का?

उत्तर : नाही, ते एकाच प्रोसेसचे थ्रेड आहेत आणि मेमरी सगळ्यांची मिळून एकच. कॅपिटल एच दाबलं की थ्रेड लपतात, कॅपिटल के दाबलं की कर्नलचे थ्रेड लपतात. उरलेल्या ओळी एकमेकींच्या कोण लागतात ते एफ५ ने झाडाच्या रूपात दिसतं. टर्मिनलने एफच्या कळा स्वतःकडे घेतल्या असतील तर झाडासाठी लहान टी चालतो.

प्रश्न : सर्व्हर रात्री कधीतरी मंदावतो. सकाळी टॉप उघडतो तेव्हा सगळं शांत असतं. रात्रभर जागायचं नसेल तर काय करावं?

उत्तर : टॉपला बॅच पद्धतीत चालवा आणि फाइलमध्ये लिहू द्या :

नोहप टॉप -बी -डी ६० -एन ४८० -डब्ल्यू २०० > रात्र.लॉग &

बी म्हणजे बॅच, डी म्हणजे दोन नोंदींमधलं अंतर सेकंदांत, एन म्हणजे एकूण नोंदी. ६० सेकंदांच्या ४८० नोंदी म्हणजे आठ तास. डब्ल्यू २०० दिलं नाही तर ओळी अरुंद राहून प्रोसेसची नावं कापली जाऊ शकतात. सुरुवातीचं नोहप विसरू नका, नाहीतर दुरून केलेलं लॉगिन तुटताच टॉपही बंद होण्याचा धोका असतो. मशीनवर ३०० प्रोसेस असतील आणि ओळीमागे ८० बाइट धरले तर एका नोंदीला २४ केबी लागतात, रात्रभरात ११ ते १२ एमबी. ही फाइल ज्या डिस्कवर संशय आहे तिच्यावर ठेवू नका. डिस्कच अडकली तर नेमक्या त्या मिनिटांच्या नोंदी मिळणार नाहीत.

सकाळी फाइलमध्ये 'लोड ॲव्हरेज' हे शब्द ग्रेप या कमांडने शोधा. प्रत्येक नोंदीची पहिली ओळ वेळेसकट मिळते, आणि आकडा कुठे उसळला ते पाहून त्या वेळेची पूर्ण नोंद वाचता येते. तिथे आधी स्थितीचा रकाना पाहा, मग टक्केवारी. मंदी दर रात्री एकाच वेळी येत असेल तर ठरलेल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनच्या यादीशी ताडा : बॅकअप, लॉग फाइल आकुंचित (कॉम्प्रेस) करणं, फाइलचा शोधसूची-प्रोग्रॅम अशी कामं बहुधा एकाच ठरलेल्या वेळेला लावलेली असतात आणि एकमेकांच्या अंगावर येतात. बॅकअप सापडला तर त्याच्या कमांडआधी नाइस -एन १९ आणि आयओनाइस -सी ३ जोडा. नाइसमुळे तो सीपीयूच्या रांगेत मागे जातो. आयओनाइसचा परिणाम मात्र डिस्कवर कोणता शेड्युलर (डिस्कच्या कामांचा क्रम लावणारा भाग) लावला आहे त्यावर अवलंबून असतो. बीएफक्यू असेल तर तो मानला जातो, शेड्युलर 'नन' असेल तर मानला जात नाही.

प्रश्न : कंटेनरला २ जीबीची मर्यादा दिली आहे, पण आत टॉप चालवला की ६४ जीबी रॅम दिसते. मर्यादा लागू झाली नाही का?

उत्तर : लागू झाली आहे. कंटेनर म्हणजे एकाच मशीनवर वेगळ्या कप्प्यात चालवलेले प्रोग्रॅम. टॉप एकूण मेमरी प्रॉकमधल्या मेमइन्फो या फाइलमधून वाचतो, आणि ती फाइल कंटेनरच्या आतही सहसा यजमान मशीनचेच आकडे दाखवते. लोड ॲव्हरेजही यजमानाचाच असतो. प्रोसेसची यादी तेवढी कंटेनरची असते. खरी मर्यादा आणि वापर सीग्रुपमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीत, मिळतात. सीग्रुपची दुसरी आवृत्ती असेल तर कंटेनरच्या आतून /सिस/एफएस/सीग्रुप या डिरेक्टरीत मेमरी.मॅक्स आणि मेमरी.करंट या फाइल वाचा. तिथेच मेमरी.इव्हेंट्स या फाइलमध्ये ओओएम-किल अशी ओळ असते, तिच्याही नावात अंडरस्कोअर आहे. तिच्यासमोरचा आकडा शून्याहून मोठा असेल तर मेमरी संपल्यामुळे कर्नलने या कंटेनरमधल्या प्रोसेस तितक्या वेळा मारल्या आहेत.